पत्ता तोच ठेवून वॉलेटची प्रायव्हेट की बदलता येते का?

ओसरी
आधी माझा गाढवपणा सांगते, मग प्रश्न. क्रिप्टो वॉलेट उघडलं तेव्हा ॲपने दिलेले १२ शब्द (ज्यांवरून सगळं वॉलेट परत उभं करता येतं) वहीत लिहिले आणि वही हरवली तर काय, म्हणून त्या पानाचा फोटो काढून ठेवला. फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर जातात, आणि त्याच खात्यावर घरातला जुना टॅबही लॉगइन होता. तो टॅब दोन महिन्यांपूर्वी पुतण्याने विकला. सगळं पुसून विकलास ना, असं विचारलं तर म्हणतो, "बहुतेक." त्या 'बहुतेक'ने माझी झोप उडवलीय.

आतापर्यंत ॲपचा पासवर्ड बदलला, फोटो कचरापेटीतूनही काढला आणि ॲपमध्येच 'अकाउंट २' उघडून थोडा इथर (इथेरियमचं चलन) तिकडे हलवला. अकाउंट १ मध्ये अजून दोन प्रकारचे टोकन आणि उरलेला इथर आहे. शिवाय एका स्टेकिंग कॉन्ट्रॅक्टमध्ये (टोकन काही काळ अडकवून मोबदला देणारा, आपोआप चालणारा करार) काही टोकन अडकलेत, ते १९ दिवसांनी सुटतील. हा पत्ता चार जणांकडे आहे, माझं डॉट-ईटीएच नावही (लांबलचक पत्त्याऐवजी वापरायचं सोपं नाव) त्यालाच जोडलंय. म्हणून पत्ता राहू दे, फक्त की (पैसे हलवायला लागणारा गुप्त आकडा) बदलायचीय. कुलूप बदलतो, त्यासाठी घर बदलत नाही, तसं. सेटिंग्ज पालथ्या घातल्या. 'की दाखवा' आहे, 'की बदला' कुठेच नाही. माझ्याच नजरेतून सुटतंय का?

घाईत_आहे
ॲप काढा, परत टाका. नवीन की मिळते. मला मिळाली होती.

रात्रपाळी
वरचं करू नका. परत टाकल्यावर जे मिळतं ते नवं कोरं, रिकामं वॉलेट. जुनं जिथे होतं तिथेच असतं, जुन्याच कीवर. घाईत भाऊ, तुमच्या आधीच्या वॉलेटमध्ये काही नव्हतं म्हणून तुम्हाला कळलं नाही.

ओसरीताई, बटण सापडत नाही कारण ते असूच शकत नाही. इथेरियमवर प्रायव्हेट की म्हणजे २५६ बिटांचा एक आकडा. त्यातून पब्लिक की निघते, तिचा केकॅक हॅश (उलटा फिरवता न येणारा गणिती सारांश) काढतात आणि त्या हॅशचे शेवटचे २० बाइट म्हणजे तुमचा पत्ता. आधी पत्ता देऊन मग त्याला की जोडणारं मध्ये कुणी बसलेलंच नाही. कुलूप सोडा, अंगठा धरा. की म्हणजे अंगठा, पत्ता म्हणजे त्याचा ठसा. दुसरा अंगठा आणलात तर ठसाही दुसराच उमटणार.

पासवर्डने फक्त तुमच्या फोनमधली फाइल बंद होते. ज्याच्याकडे १२ शब्द आहेत त्याला तो पासवर्ड कुणी विचारतच नाही.

आणि अकाउंट २ चं ऐकून मला घाम फुटला. ते त्याच १२ शब्दांतून निघतं. सूत्रातला शेवटचा आकडा ० चा १ होतो, एवढाच फरक. समोरच्याने शब्द टाकले की अकाउंट १ दिसेल, 'अकाउंट वाढवा' दाबलं की २ दिसेल. म्हणजे तुम्ही इथर माजघरातून देवघरात नेलात, दरवाजा तोच.

आज रात्रीच करा: पूर्ण नवं वॉलेट, नवे शब्द, जमल्यास हार्डवेअर वॉलेटवर (की वेगळ्या उपकरणात ठेवणारं). मग आधी टोकन हलवा, त्यातही मोठी रक्कम पहिली, आणि इथर सगळ्यात शेवटी. माणसं उलटं करतात. इथर आधी पाठवून मोकळी होतात, मग टोकन हलवायला गॅस (व्यवहाराचं शुल्क, ते इथरमध्येच भरावं लागतं) उरत नाही. साधा इथर पाठवायला २१,००० एकक गॅस लागतो, टोकनला त्याहून जास्त, आणि ते पैसे त्याच पत्त्यावर असावे लागतात.

स्टेकिंगचं: दुसऱ्या पत्त्यावर काढायची सोय कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे का बघा. नसेल तर १९ दिवस थांबणं आलं. तोवर जुन्या पत्त्यावर इथर ठेवू नका.

डॉट-ईटीएच नाव मात्र हलवता येतं. फक्त नावाची मालकी नव्या पत्त्यावर देणं एक आणि ते नाव कुठल्या पत्त्याकडे बोट दाखवतं ती नोंद बदलणं दुसरं. बरेच जण पहिलं करून थांबतात आणि पैसे जुन्याच पत्त्यावर येत राहतात.

जुनी_खातेवही
'असूच शकत नाही' हे इथेरियमच्या साध्या खात्यांपुरतं आणि बिटकॉइनपुरतं खरं, सगळ्या ब्लॉकचेनवर नाही. एक्सआरपी लेजरवर खात्याला वेगळी 'रेग्युलर की' लावून मूळ मास्टर की बंद करता येते. स्टेलरवर नवा सायनर (सही करणारी दुसरी की) जोडून मूळ कीच्या सहीचं वजन ० करतात. अल्गोरँडवर तर 'रीकी' नावाचा व्यवहारच आहे, पत्ता तोच राहतो. इथेरियमवरही सेफसारखं कॉन्ट्रॅक्ट वॉलेट असेल तर मालक बदलता येतो, कारण तिथे पत्ता कॉन्ट्रॅक्टचा असतो, कीचा नसतो.

इथेरियमच्या ७ मे २०२५ च्या पेक्ट्रा अपग्रेडनंतर साध्या खात्यालाही कॉन्ट्रॅक्टचा कोड जोडता येतो, ते वाचून कुणी सुचवेल. फसू नका. जुनी की तिथेही पूर्ण मालकच राहते.

रात्रपाळी
मान्य. मी फक्त ताईंच्या खात्याचं बोलत होतो, तसं लिहायला हवं होतं.

ओसरी
झालं. टोकन आणि इथर नव्या पत्त्यावर, नावाची मालकी आणि नोंद दोन्ही बदलली. गंमत म्हणजे चौघांपैकी तिघं नावावरच पैसे पाठवतात, त्यांना काही कळवावंही लागलं नाही.

पैसे टाकण्याआधी नवं वॉलेट पुसून कागदावरून परत उभं करून पाहिलं, तर 'शब्द चुकीचे'. पाऊण तास गेला. सातव्या शब्दातला माझा 'के' मला 'एल' वाटत होता आणि दोन्ही शब्द वॉलेटच्या ठरलेल्या शब्दांच्या यादीत आहेत! (कुठले ते सांगणार नाही, एवढी शहाणी झालेय.)

मध्यंतरी दोन खासगी निरोप आले. "की बदलून देतो, १२ शब्द पाठवा." दोघांनाही 'बहुतेक पाठवते' असं कळवलंय.

रात्रपाळी
नशीब की अडलं. १२ शब्दांत तपासणीचे ४ बिट असतात, म्हणजे चुकीचा शब्द साधारण १६ पैकी एकदा पकडलाच जात नाही, आणि भलतंच रिकामं वॉलेट उघडतं. म्हणून उभं केल्यावर पत्ताही ताडून बघायचा.

१९ व्या दिवशी गॅसपुरताच इथर पाठवा. तो पोचताच कुणी उचलला तर तिथे बॉट बसलाय असं समजा आणि पुन्हा पाठवू नका. इथे लिहा. गॅस, सोडवणं आणि हलवणं यांचा गठ्ठा एकाच ब्लॉकमध्ये (साखळीत एकदम नोंदला जाणारा व्यवहारांचा संच) टाकायची पद्धत आहे, ती बघू.

ओसरी
२० वा दिवस. गॅस पाठवला, टोकन सोडवले, हलवले. बॉटबिट काही नव्हता. अंगठा मात्र सगळा वेळ थरथरत होता, खरा अंगठा.

वहीतलं जुनं पान फाडणार होते, पण काल चौथ्या माणसाने मुकाट जुन्याच पत्त्यावर टोकन पाठवले. त्याच्या यादीत तोच साठवलेला होता, आणि मी सांगितलं तेव्हा तो "हो हो" म्हणाला होता. आता परत गॅस पाठवून ते आणते. पान राहू दे.