रंगीत लाकडांच्या तुकड्यांचा वाडगा लेथवर कातायचाय: तळ एकसंध ठेवू का?

कातकाम_लातूर
साग, शिसव, हळदू आणि बाभळीची छाटण गोळा झाली आहे, सगळी २० मिमी जाडीची. शोभेचा वाडगा करायचाय, व्यास २०० मिमी, उंची साधारण ८५. प्रत्येकी १२ तुकड्यांची चार कडी एकमेकांवर चिकटवायची आणि खाली सागाचा १४० मिमीचा एकसंध गोल तळ, असा बेत आहे. विचारायचंय ते असं: तुकड्यांचं माप कसं काढायचं, गोंद कोणता वापरायचा, आणि एवढा मोठा तळ उन्हाळ्यात टिकेल का?

सुतारशाळा_परभणी
आधी तळाचं सांगतो, कारण वाडगा फुटतो तो तिथूनच. लाकूड रेषेच्या (तंतूंच्या) दिशेने जवळपास हलतच नाही. आडवं मात्र पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. कड्यात प्रत्येक तुकड्याची रेषा परिघाला धरून जाते, म्हणून कड्याचा व्यास बदलत नाही. एकसंध तळ आडव्या दिशेने बदलतो. १४० मिमीवर एक टक्का फरक म्हणजे १.४ मिमी. आपल्याकडे श्रावणातली दमट हवा आणि मे महिन्यातलं बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं कोरडं ऊन यांत एवढा फरक सहज पडतो. कडं ताणलं जात नाही, तळ थांबत नाही, मग जोड सुटतो नाहीतर तळ मधोमध चिरतो. गोंद कितीही भारी घ्या, यावर उपाय नाही.

तळ चिकटवायचाच तर ८० मिमीच्या आत ठेवा आणि ६-७ मिमीपर्यंत पातळ कातून घ्या. त्याहून मोठा हवा असेल तर तळसुद्धा १२ पाचरींचा करा. पाचरींची टोकं मध्यावर नेमकी जुळत नाहीत, त्यामुळे तिथे २० मिमीचं भोक पाडून शिसवाची गुडदी बसवा. तीच नक्षी होते.

माप: बाहेरचा व्यास गुणिले ०.२६८. कातायला वाव म्हणून व्यास २०६ धरा, तुकड्याची बाहेरची लांबी ५५.२ मिमी येते. दोन्ही टोकांना १५ अंशांचा छेद. पट्टीची रुंदी ३० मिमी घेतली तर आतले कोपरे कातून गेल्यावर भिंतीला साधारण २७ मिमी उरतात, त्यात पोटाची गोलाई बसते. वरचं कडं खालच्यापेक्षा अर्धा तुकडा सरकवून लावा, विटांच्या बांधकामासारखं. जोडावर जोड आला तर भेग सरळ वरपर्यंत जाते.

कातकाम_लातूर
मग तळ पाचरींचाच करतो. पण १५ अंश नेमके मिळवायचे कसे? हातकरवतीच्या पेटीवर थोडाफार फरक राहतोच.

रंधा_आणि_पटाशी
प्रत्येक छेदात ०.१ अंश जरी चुकला तरी कड्यात छेद २४ असतात, चूक २.४ अंशांवर जाते. २०० मिमीच्या कड्यात शेवटच्या जोडाला बाहेरच्या बाजूने चार मिमीची फट दिसेल. म्हणून अख्खं कडं एका दमात चिकटवू नका. समोरासमोरच्या दोन जोडांना गोंद न लावता तिथे काडेपेटीच्या काड्या ठेवा आणि बाकीचे दहा जोड चिकटवा. वाळल्यावर दोन अर्धी कडी हातात येतात. सपाट काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यांची टोकं एका पातळीत घासा, मग जोडा. सगळी चूक त्या दोन जोडांत निघून जाते. फट दिसत असलेलं कडं भुसा-गोंदाने बुजवून लेथवर चढवू नका. फिरताना तुकडा सुटला तर थेट तोंडावर येतो.

आवळायला मोटारीच्या दुकानातल्या दोन-तीन होज क्लिपा (रबरी नळी आवळायच्या पत्र्याच्या पट्ट्या) एकमेकींत अडकवून पट्टा करा. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनीही काम होतं, पण दाब सगळीकडे सारखा पडत नाही.

गोंद फेविकॉल मरीन. शोभेची वस्तू असली तरी आपल्या पावसाळ्यासाठी तोच बरा. सागाला तेलकटपणा असतो, म्हणून टोकं घासल्यावर थिनरने पुसा आणि तो उडाल्याबरोबर चिकटवा. दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यात हे काम पहाटे करा, दुपारी गोंदावर लगेच साय धरते आणि जोड वरवर चिकटतो. पूर्ण २४ तास आवळलेलं राहू द्या, पावसाळ्यात ३६.

सुतारशाळा_परभणी
पाचरी-तळाऐवजी आणखी एक वाट आहे: सर्वांत खालच्या कड्याला आतून ३ मिमी खोल खाच पाडायची आणि कड्याच्या दोन अर्ध्या भागांमध्ये तळ गोंद न लावता अडकवायचा, चहूबाजूंनी १ मिमी मोकळा. तो आपला फुगेल, आकसेल, कड्याला त्रास नाही. मोठ्या वाडग्याला मी हीच पद्धत सुचवेन. फक्त खाचेत गोंद ओघळू देऊ नका.

रंधा_आणि_पटाशी
कातताना: फेसप्लेटवर (लेथवरची, काम धरून फिरणारी लोखंडी तबकडी) आंब्याच्या भंगार लाकडाची चकती, तिच्यावर वाडगा. गोल होईपर्यंत मिनिटाला ५००-६०० फेरे, नंतर हजारापर्यंत. तोंडावर जाळी नव्हे, पूर्ण पारदर्शक ढाल हवी. बाभूळ टणक आणि साग मऊ, त्यामुळे पॉलिश पेपर नुसत्या बोटाने दाबला की सागावर खळगे पडतात. मागे लाकडी ठोकळा धरा. शिसवाची जांभळट भुकटी हळदूच्या पिवळ्या रेषांत शिरली की परत निघत नाही. १२० नंबरनंतर चपडा लाखेचा पातळ हात मारा, मग १८०, २४०, ३२०. भुकटी फडक्याने पुसू नका, हवेने उडवा. शिसवाच्या भुकटीने अनेकांच्या अंगाला खाज येते, मास्क लावाच.

पॉलिशचा शेवटचा हात आतून-बाहेरून सारखाच द्या. एकच बाजू उघडी राहिली तर तिकडूनच ओल शिरते आणि कडी वाकडी होतात.