कंट्रोल+एफ९ दाबलं की डॉसबॉक्सच बंद होतंय

प्रश्न:
राजारामपुरीत डिप्लोमाच्या पोरांचा सी-चा (प्रोग्रामिंगच्या भाषेचा) क्लास घेतो. टर्बो सी (सी-चे प्रोग्राम लिहून चालवायचं जुनं सॉफ्टवेअर) डॉसबॉक्स ०.७४ मध्ये (जुने डॉसचे प्रोग्राम आजच्या मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवतो. रन करायला कंट्रोल+एफ९ दाबलं की अख्खी विंडोच गायब! काल एका पोरीच्या सेव्ह न केलेल्या ४० ओळी गेल्या, रडकुंडीला आली बिचारी. काय करू?

उत्तर:
भावा, डॉसबॉक्स बंद करायची कीसुद्धा कंट्रोल+एफ९च. टर्बो सीपर्यंत ती पोचतच नाही. कंट्रोल+एफ१ने मॅपर (कुठल्या कीने काय व्हावं ते ठरवायची स्क्रीन) उघड, शटडाउन निवड, ती की काढायला डेल (डिलीट) बटणावर क्लिक कर, मग सेव्ह.

उत्तर:
तोवर रन करायला ऑल्ट+आर, मग आर. त्याआधी एफ२ने सेव्ह करायची सवय लावा पोरांना.

प्रश्नकर्ता:
जमलं दादा! पहिल्यांदा सेव्हच राहिलं होतं. आता उरलेल्या मशीनवर बसतो.