शब्दचर्चा: भावना ‘आवरणे’ की ‘सावरणे’?

प्रश्न (भांडुप)
बचत गटातल्या बायकांसाठी नैराश्यावर मराठीत एक पत्रक लिहिते आहे. ‘इमोशन रेग्युलेशन’ला कोणी ‘भावनांवर नियंत्रण’ सुचवतं, कोणी ‘भावनांचे नियमन’. नियमन म्हटलं की सरकारी परिपत्रक डोळ्यांसमोर येतं. नियंत्रणही खटकतं, पण का ते सांगता येईना. आणि ‘रुमिनेशन’ला, म्हणजे तेच ते विचार मनात फिरत राहण्याला, ‘रवंथ’ चालेल?

समुपदेशक, परळ
ताई, खटकायलाच हवं. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी दोन तऱ्हा वेगळ्या करून दाखवल्या: प्रसंगाकडे बघण्याची नजर बदलणं, आणि आत जे वाटतंय ते चेहऱ्यावर येऊ न देणं. दुसरीने आतली घालमेल कमी होत नाही. ‘नियंत्रण’ म्हटलं की बायकांना ही दुसरीच ऐकू येते, कारण घरी तेच कानावर पडलेलं असतं: ‘आवर आता, लोक काय म्हणतील!’ रडू आवरतात, तोल सावरतात. म्हणून ‘मन सावरणं’ लिहा. मनसोक्त रडूनही सावरता येतं.

निवृत्त मराठी शिक्षिका, दादर
‘रवंथ’ नको, रवंथ केलेलं पचतं तरी. बोलीत ‘उगाळत बसणे’ आहे, पण त्यात कर्ती ती बाई, म्हणजे दोषही तिचाच. ‘मनात घोळत राहणे’ घ्या. तिथे कर्ता विचार असतो.

समुपदेशक, परळ
बाई, हे फार मोलाचं सांगितलंत. उदास मन त्या उदासीच्या कारणांभोवतीच फिरत राहिलं की उदासी लांबते, असं मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी १९९१ मध्ये मांडलं. स्त्रियांमध्ये हे पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. अशा बाईला ‘उगाळू नकोस’ म्हटलं, की घोळणाऱ्या विचारांत ‘माझंच चुकतं’ हा आणखी एक येऊन बसतो.

पत्रकात तिच्या तोंडचे शब्दही द्या. ‘परवा आमचं भांडण झालं’ असं न म्हणता ती ‘आमचं नेहमीच असं’ म्हणते. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांना नेमका एखादा प्रसंग आठवून सांगणं जड जातं, सगळं सरसकट होतं, हे मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स यांच्या १९८६ च्या अभ्यासात दिसलं. नेमकं आठवत नसेल, तर मागच्या वेळी आपण कशातून कसे निभावलो हेही हाताशी येत नाही. ‘कधीच’, ‘कायम’, ‘माझ्यामुळेच’ हे शब्द ऐकायला शिका. ‘आता पुढे काही नाही’ आणि ‘मी नसले तर घरच्यांचं बरं होईल’ ही दोन वाक्यं मात्र कानांआड करू नका. त्यांत धोका बोलतो.

प्रश्नकर्ती
मग ओळखायचा प्रश्न म्हणून ‘जीव नकोसा झालाय का?’ ठेवू?

निवृत्त मराठी शिक्षिका, दादर
मे महिन्यात लोकलच्या गर्दीत हे निम्मा लेडीज डबा म्हणतो. त्यातून काय कळणार?

समुपदेशक, परळ
खरंय. सरळ विचारा: ‘मरून जावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बऱ्याच जणींना बोलायची वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर शेवटच्या पानावर न टाकता या प्रश्नाच्या लगेच खाली, ठळक छापा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.