मदत हवी आहे: चालकाविना गाड्यांवर गावात बोलायचंय, पण पायलटच्या प्रश्नाला उत्तर सुचत नाही

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाचं चिटणीसपद माझ्या गळ्यात आहे. चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की आम्ही दर महिन्याला गप्पांचा कार्यक्रम ठेवतो. यंदा पहिला विषय मीच उत्साहाच्या भरात जाहीर करून बसलो: चालकाविना चालणाऱ्या गाड्या येण्याआधी आपण काय तयारी करायची. आता निस्तरायचंय.

टिपण तयार होतं. 0 (सगळं माणूस करतो) ते 5 (सगळं यंत्र करतं) अशा स्वयंचलनाच्या पायऱ्या, कॅमेरा, रडार आणि लायडार (लेसरने अंतर मोजणारं यंत्र) काय करतात, अमेरिकेत फिनिक्समध्ये 2020 पासून वेमो कंपनीच्या टॅक्सीत चालकाच्या सीटवर कोणीच नसतं, दिल्ली मेट्रोच्या मजेंटा लाईनवर त्याच वर्षी डिसेंबरात चालकाविना गाडी सुरू झाली, वगैरे. परवा देवळाच्या सोप्यावर चौघांना वाचून दाखवलं. त्यात आमचे पायलटमामा होते. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे पायलट म्हणजे विमानाचा नव्हे, पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवरून भाडं मारणारा.) मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मागीर हांवें हात कोणाक दाखोवचो?" (मग मी हात कोणाला दाखवायचा?)

मी गप्प.

देवळामागून कुळागराकडे (सुपारीच्या बागेकडे) उतरणारा आमचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे (कुंपणाच्या भिंती) आणि मधून एकच चारचाकी जाईल एवढी वाट. अरुंद उतारावर खाली येणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम पुस्तकात आहेच. पण ठरतं सगळं हातावर. दोन बोटं हलली की 'ये तू', तळवा उघडला की 'थांब, मागे टेम्पो आहे', हनुवटी वर गेली की 'मागे घे, गेटपाशी जागा आहे'. पावसात काच धूसर झाली की डिपर. यंत्राला यातलं काय कळणार, आणि यंत्राचं म्हणणं मामांना कसं कळणार?

दुसरी काळजी पोदेराची, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याची. सायकल, मागे ही भलीमोठी टोपली, वर निळं प्लास्टिक. मार्च 2018 मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी शहरात चाचणीच्या गाडीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना उडवलं. गाडीला त्या पाचेक सेकंद आधीच दिसल्या होत्या, पण हे वाहन की सायकल की आणखी काही, हा अंदाजच गाडी बदलत बसली. लक्ष ठेवायला बसवलेल्या माणसाची नजर फोनवर. आमचा पोदेर अशा गाडीला काय वाटेल?

तर विचारायचं असं: वीस मिनिटांत हे कसं मांडू? समोर टॅक्सीवाले, शाळेतली मुलं आणि दुपारची झोप मोडून आलेली म्हातारी माणसं असतील.

प्रतिसाद: रिव्हर्सगियर
आधी टॅक्सीवाल्यांना धीर द्या. डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात गडकरींनी साफ सांगितलं होतं की चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या येऊ देणार नाही. पण तेवढ्यावर झोपू नका. अर्धी गोष्ट आलेलीच आहे. काळ्या नंबरपाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या, स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या काही गाड्यांत आता पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग आणि लेन दोन्ही सांभाळणारी यंत्रणा असते. ती 2 क्रमांकाची पायरी: जबाबदारी पूर्णपणे चालकाचीच. पर्यटकाला मात्र वाटतं गाडी बघून घेईल. तुमच्या गडग्यांच्या रस्त्यावर पट्टेच नाहीत, तर लेन कुठली सांभाळणार? मी टिपणातल्या पायऱ्या उडवल्या असत्या आणि हीच एक समजावली असती.

प्रतिसाद: अंत्रुजकर
अपघात झाला तर कोणाला धरायचं, हे कोणीतरी विचारणारच. आपल्या 1988 च्या मोटर वाहन कायद्यात चालक म्हणजे माणूस हे गृहीत आहे. ब्रिटनने 2024 च्या कायद्यात गाडी स्वतः चालत असताना तिच्या चालण्याची जबाबदारी आत बसलेल्यावरून काढून परवानगी घेतलेल्या कंपनीवर टाकली. जर्मनीच्या 2021 च्या कायद्यात गाडी दुरून बंद करू शकेल असा माणूस लागतोच. एवढं पुरे. कलमं वाचू नका, लोक उठून जातात.
आणि मामांना श्रोत्यांत बसवू नका, पुढे घ्या. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत खुर्च्यांचे दोन गडगे करा. एका मुलाला तोंडाला पंचा बांधून, हात मागे ठेवून 'गाडी' करा. समोरून मामांना चालत येऊ दे. मग मुलांनाच विचारा, आता वाट कोणी द्यायची?

धागाकर्ता
अंत्रुजकर, ठरलं, असंच करतो. मामांना सांगितलं. तयार आहेत, पण चालत येणार नाहीत म्हणतात, मोटरसायकल हवीच. इंजिन बंद ठेवून ढकलत आणा, यावर तडजोड झाली. आता पोदेराची टोपली कोणाकडून मागावी ते बघतोय. रिव्हर्सगियर, त्या दुसऱ्या पायरीवर सोप्या मराठीत एखादा परिच्छेद लिहून द्याल का? छापून टॅक्सी स्टँडवर लावतो.