दोष एकट्या कॅरीचा नाही

फ्रान्सचा सम्राट राहिलेल्या नेपोलियन तिसऱ्याचा मुलगा लुई ब्रिटिश फौजेबरोबर दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूलँडमध्ये झुलूंविरुद्धच्या युद्धात गेला आणि तिथे मेला तो केवळ सोबतचा ब्रिटिश अधिकारी लेफ्टनंट कॅरी पळाला म्हणून, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. १ जून १८७९ला इत्योत्योसी नदीजवळच्या एका रिकाम्या झुलू वस्तीत या दोघांची छोटी टेहळणी तुकडी खोगिरं उतरवून विसावली, तीही पहारा न लावता. झुलूंनी गोळ्या झाडल्या, घोडे बिथरले. लुई धावत्या घोड्यावर चढू पाहत होता आणि खोगिराचा पट्टा तुटला. एवढ्याशा चामड्यावर जीव गेला! वय अवघं २३. भाल्यांच्या जखमा सगळ्या पुढच्या बाजूला होत्या. पोरानं पाठ दाखवली नाही. पुढच्या वर्षी त्याची आई युजेनी ती जागा बघायला तिथवर गेली, हे वाचताना आजही पोटात तुटतं.

पण त्याच वेळी दोन घोडेस्वार आणि तुकडीचा झुलू वाटाड्याही मारले गेले, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. कॅरीचं कोर्ट मार्शल झालं, नंतर तो निकाल रद्द झाला. झुलूंवर हे युद्ध लादणाऱ्या, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश हाय कमिशनर बार्टल फ्रिअरवर मात्र खटला चालला नाही. पूर्वी साताऱ्याचे रेसिडेंट आणि नंतर मुंबईचे गव्हर्नर होते, तेच हे फ्रिअर.