आरशातली डबी: रोहित्र, चोक की ड्रायव्हर?

चौकस
बाथरूममधल्या दिव्यांच्या आरशाने मान टाकली. मागे एक पांढरी डबी आहे. वायरमन म्हणाला, "चोक गेलाय." दुकानदार म्हणाला, "ड्रायव्हर हवा का अडॅप्टर?" आणि लेकीच्या पुस्तकात ट्रान्सफॉर्मर म्हणजे रोहित्र. एकाच डबीची ही नावं, की वस्तूच वेगळ्या?

शब्दवेडी
रोहित्र हा घडवलेला शब्द. 'रुह्' म्हणजे चढणे, वाढणे. '-इत्र' हा साधन दाखवणारा प्रत्यय. खणायचं ते खनित्र, कापायचं ते लवित्र म्हणजे विळा. जनरेटरचं जनित्रही त्याच वळणाचं. गंमत अशी की तुमची डबी २३० व्होल्टवरून १२ किंवा २४ वर उतरते. आरोह-अवरोहाच्या हिशेबाने ती 'अवरोहित्र' झाली! हिंदीतला 'परिणामित्र' जास्त नेमका, कारण परिणाम म्हणजे मुळात रूपांतर; त्यात चढउतार येत नाही. तरी मला रोहित्रच आवडतो. जिभेवर बसतो.

तारवाला
व्युत्पत्ती झकास, पण त्यावर खरेदी करू नका. चोक ट्यूबलाइटचा. तो प्रवाह आवरून धरतो, व्होल्टेज उतरवणं त्याचं काम नव्हे. आम्ही लोक सवयीने दिव्यामागच्या कुठल्याही डबीला चोक म्हणतो, एवढंच.

हॅलोजनच्या जुन्या आरशात खरोखरीचा ट्रान्सफॉर्मर असतो, बहुधा १२ व्होल्ट एसीचा (दिशा सतत उलटसुलट बदलणाऱ्या प्रवाहाचा). एलईडी पट्टीला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो, तो देतो ड्रायव्हर. हॅलोजनचा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर एलईडीला जोडला, तर त्या ट्रान्सफॉर्मरला हवा तेवढा भारच मिळत नाही, कारण एलईडी वीज फार कमी खेचतात. दिवे लुकलुकतात किंवा लागतच नाहीत. ड्रायव्हरमध्येही दोन जाती: एक व्होल्टेज कायम ठेवतो, दुसरा प्रवाह. अदलाबदल केली तर पट्टी जाऊ शकते. तेव्हा नाव विसरा आणि डबीवरची 'आउटपुट'ची ओळ वाचा. व्होल्ट तंतोतंत तेच, वॅट तेवढेच किंवा थोडे जास्त. साधा अडॅप्टर ओलाव्यात नको. डबीवर आयपीचा आकडा असतो, धूळ-पाणी किती अडतं ते सांगणारा: आयपी ४४ म्हणजे निदान उडणाऱ्या पाण्याला पुरून उरणारा.

चौकस
२४ व्होल्ट डीसी, ३० वॅट. म्हणजे ड्रायव्हर. मराठीत 'चालक' म्हणावं?

शब्दवेडी
नको! "आमचा चालक गेला" म्हणालात तर लोक भेटायला येतील. आणि क्रियापदं बघा कशी वाटलेली आहेत: बल्ब उडतो, चोक जातो, रोहित्र जळतं. ड्रायव्हरला अजून स्वतःचं क्रियापद मिळालेलं नाही. मी तरी तो 'बसला' म्हणेन.

चौकस
नवा बसवला, दिवे लागले. पण आरशावरची वाफ पूर्वी आपोआप जायची, ती आता जात नाही.

तारवाला
मागची तापणारी गादी बहुतेक आरशांत थेट २३० वर चालते, ड्रायव्हरवर नाही. तिची वायर परत जोडायची राहिली असेल. आधी मेन स्विच बंद, मग झाकण.