झाड ते झाड? वाळूवर नाही चालत हे!

भरती_ओहोटी: परवा एकाने पोस्ट टाकली, "झाड ते झाड, देशी-विदेशी काय करता, वाळू धरून ठेवली म्हणजे झालं" आणि खाली लाइक्सचा पाऊस. अहो, वाळू घट्ट धरून ठेवणं हाच तर घोळ आहे! वाळूची टेकडी सरकती असते, वादळात ती किनाऱ्याला वाळू देते, नंतर वारा परत आणून घालतो. कॅलिफोर्नियात 1869 पासून युरोपातलं मॅरम गवत लावत सुटले. ते गाडलं गेलं की उलट जोमाने वर येतं, मग समोर एकच उंच बांध, मागच्या टेकड्या वाळूविना उपाशी, आणि उघड्या वाळूत अंडी घालणाऱ्या प्लोव्हर पक्ष्यांना जागा कमी.

खारा_वारा: किनाऱ्याला घर नाही ना तुमचं? माझ्या आत्याचं आहे. सुरूच्या झाडांची रांग नव्हती तेव्हा अंथरुणात वाळू यायची. तुमचा प्लोव्हर येणारे का झाडून घ्यायला?

समुद्रफेस: सुरूखाली वाकून बघितलंय कधी? सुयांचा एवढा जाड थर की वाळूवर पसरणारी मर्यादवेल सोडा, गवताचं पातं नाही. मुळं उथळ, लाटेने खालची वाळू ओढली की झाड आडवं, आणि कासवीण त्याला अडून अंडी न घालताच माघारी. फ्लोरिडात हे लावायला बंदी आहे ती उगीच नाही.

खारा_वारा: मग बसा उपटत हाताने!

फवारा_नको: हाताने कुठलं, विष मारतात विष! ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये सरकारनेच 1946 ते 1968 बिटू बुश नावाचं परदेशी झुडूप लावलं आणि आता त्यावरच हेलिकॉप्टरने ग्लायफोसेट हे तणनाशक. आधी रोग पेरा, मग औषध विका.

समुद्रफेस: अर्धवट सांगू नका. फवारणी थंडीत करतात, कमी मात्रेत, तेव्हा तिथल्या मूळच्या झाडांना फारसा धक्का बसत नाही.

फवारा_नको: कमिशन मिळतं वाटतं! शेजाऱ्याने बांधावर तणनाशक मारलं तेव्हा माझी वांग्याची रोपं करपली, तोही "कमी मात्रा"च म्हणत होता.

समुद्रफेस: कमिशन काढताय? पुरावा द्या नाहीतर शब्द मागे घ्या.

भरती_ओहोटी: वांगी कुठून आली मध्येच, धागा वाळूचा आहे हो!!

खारा_वारा: बरं बाबा, मुळं उथळ असतात हे मान्य, मागच्या वादळात आत्याचं कुंपण सुरूनेच मोडलं. झालं समाधान? पण आधी मर्यादवेल पसरू दे, मग सुरूला कुऱ्हाड लावू, त्याआधी नाही.

फवारा_नको: कुऱ्हाड चालेल. फवाऱ्याचं उत्तर मात्र अजून कोणी दिलेलं नाही.